३२ एमबीचा खिसा

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्यातला बाज शक्यतो तसाच ठेवलाय.)

मी चामटोलीहून बोलतोय. चामटोली कुठे आलं, असा प्रश्न पडला असेल तर २७ जुलै २०१९ आठवा. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली होती. हजाराहून जास्त प्रवासी होते, सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. टीव्हीवर तुम्ही जे पाण्यातले रूळ बघितले ना, तो आमचा परिसर. पोटापाण्यासाठी मी कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात जुनी यंत्रं उघडून बघतो.

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि एखादं गाणं लावून बघा.

लागलं का? बऱ्याच जणांचं लागणार नाही. काहींनी ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवलं असेल, त्यांचं लागेल. पण सबस्क्रिप्शन संपलं की ते डाउनलोडही बंद. म्हणजे गाणं तुमच्या फोनमध्ये आहे, पण तुमचं नाही.

आज आपण त्या काळाबद्दल बोलणार आहोत जेव्हा गाणं पहिल्यांदा आकड्यांच्या रूपात माणसाच्या खिशात आलं. एमपी३ प्लेअर. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तो हातातही घेतला नसेल. पण त्याने एक गोष्ट दिली होती, आणि ती आपण हळूहळू परत करत चाललोय. कोणती, ते शेवटी सांगतो. त्याआधी यंत्र समजून घेऊ.

गाणं बारीक कसं झालं

सुरुवात सीडीपासून. सीडीवर आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचं माप घेतलं जातं. प्रत्येक माप १६ बिटचं. आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार करा: सेकंदाला १४ लाखांहून जास्त बिट. मिनिटाला साधारण १० एमबी. पाच मिनिटांचं भावगीत म्हणजे ५० एमबी. आज ५० एमबी म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या लग्नाच्या दोन व्हिडिओंचा मामला. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्कच काहीशे एमबीची असायची. त्यात गाणी ठेवायची की काम करायचं?

यावर तोडगा निघाला जर्मनीत, एर्लांगेन गावातल्या फ्राउनहोफर संस्थेत. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी तिथे यावर काम करत होते. त्यांची कल्पना कळायला दादर स्टेशनवर उभं राहा. बाजूने फास्ट लोकल धडधडत जातेय आणि शेजारचा मित्र काहीतरी सांगतोय. तुम्हाला ऐकू येत नाही. तो बोलला, त्याच्या तोंडून आवाज निघाला, पण मोठ्या आवाजाने तो झाकून टाकला. आपल्या कानाचा हा स्वभावच आहे. मग जो आवाज ऐकूच येणार नाही, तो काटेकोरपणे साठवायचा कशाला? तिथे कमी बिट वापरा. जिथे कान तीक्ष्ण आहे, तिथे जास्त वापरा.

या हिशोबाने गाणं सेकंदाला १,२८,००० बिटमध्ये बसवता आलं. सीडीच्या अकराव्या हिश्श्यात! म्हणजे मिनिटाला साधारण १ एमबी. ब्रांडेनबुर्ग यांनी पारखायला सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं वापरलं. त्यात वाद्यं नाहीत, फक्त तिचा आवाज. सोबतीला तबला-पेटी असली की दोष लपतात. एकट्या गळ्यात ते लगेच कानाला टोचतात. भजन गाणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. पुढे जुलै १९९५ मध्ये या फायलींच्या नावापुढे ‘एमपी३’ लावायचं ठरलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एमपी३ करताना जे टाकून दिलं, ते परत येत नाही. याचा संबंध पुढे येणार आहे.

न हलणारी आठवण

गाणं बारीक झालं, पण ते ठेवायचं कुठे? सोनीचा वॉकमन १९७९ साली आला, त्यात कॅसेट फिरायची. नंतर डिस्कमन आला, त्यात सीडी फिरायची. फिरणाऱ्या वस्तूला धक्का आवडत नाही. कर्जत लोकलच्या दारात डिस्कमन घेऊन उभं राहिलेल्या माणसाचं गाणं रुळांच्या सांध्यासांध्यावर उडी मारणार.

उत्तर आलं जपानमधून. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नॅन्ड हा प्रकार आणला. आज तुमच्या फोनमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, मेमरी कार्डात तोच आहे. यात काहीच फिरत नाही. लाखो-कोटी इवल्या खोल्या आहेत, प्रत्येकीच्या भिंती विजेला आरपार जाऊ न देणाऱ्या. त्या खोलीत इलेक्ट्रॉन कोंडले की एक अर्थ, नसले की दुसरा. वीज बंद केली तरी कोंडलेले इलेक्ट्रॉन आत राहतात. म्हणजे बॅटरी संपली तरी गाणं जात नाही.

खरं तर ही कल्पना त्याआधीच एकाला सुचली होती. केन क्रेमर नावाच्या ब्रिटिश माणसाने वॉकमनच्याच वर्षी, १९७९ मध्ये, चिपवर गाणं साठवणाऱ्या खिशातल्या यंत्राचा आराखडा केला होता. त्या काळच्या चिपवर मावत होतं जेमतेम साडेतीन मिनिटं. म्हणजे एक गाणं, तेही लहान! पुढे पेटंट चालू ठेवायला लागणारा पैसा जमला नाही आणि १९८८ मध्ये ते हातचं गेलं. डोकं चाललं, पण चिप अजून तयार नव्हती.

आठ गाणी आणि एक खटला

आता येऊ १९९८ वर. दक्षिण कोरियाच्या साएहान कंपनीने ‘एमपीमॅन एफ१०’ विकायला काढला. बाजारात मिळणारा पहिला खिशातला एमपी३ प्लेअर म्हणून याचंच नाव घेतात. मेमरी किती? ३२ एमबी. मगाचचा हिशोब लावा: मिनिटाला एक एमबी, म्हणजे जेमतेम अर्धा तास. सात-आठ गाणी. बदलापूरहून बसलात तर ठाणं यायच्या आत सगळी संपून पहिलं परत सुरू.

त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टिमीडिया कंपनीचा ‘रिओ पीएमपी३००’ आला. हाही ३२ एमबीचा, पण वरून कार्ड घालायला खाच. एका साध्या पेन्सिल सेलवर चालायचा. कॉम्प्युटरला जोडायची वायर प्रिंटरच्या पोर्टमध्ये लावायची. किंमत २०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेआठ हजार रुपये. आठ गाण्यांसाठी साडेआठ हजार! घरी सांगितलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, ते तुम्हीच ठरवा.

तरी लोकांनी तो घेतला. आणि अमेरिकेतल्या म्युझिक कंपन्या घाबरल्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये त्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, डायमंडवर खटला भरला. त्यांचं म्हणणं असं, की १९९२ च्या कायद्याप्रमाणे डिजिटल कॉपी करणाऱ्या यंत्रात कॉपीला लगाम घालणारी सोय हवी आणि रॉयल्टीही भरायला हवी. रिओने यातलं काहीच केलेलं नाही, तेव्हा विक्री थांबवा.

जून १९९९ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल दिला आणि डायमंड जिंकली. कायद्याचा कीस बराच होता, पण गाभा सांगतो. रिओ सीडीवरून थेट कॉपी करत नाही, तो कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून फाइल घेतो, म्हणून तो त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. आणि पुढे कोर्टाने म्हटलं की हे यंत्र काय करतं? जे गाणं माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये आधीच आहे, तेच सोबत नेण्यासारखं करतं. जागा बदलते, एवढंच. स्वतःच्या वापरासाठी गाण्याची जागा बदलणं यात वावगं काही नाही.

मला विचाराल तर सगळ्या प्रवासातलं महत्त्वाचं वळण हे. चिप लहान झाली, बॅटरी टिकाऊ झाली, ते होणारच होतं. पण ऐकणाऱ्याने आपल्याजवळचं गाणं आपल्याला हवं तिथे न्यावं, यावर कोर्टाची मोहर लागली. मगाशी म्हटलं ना, प्लेअरने एक गोष्ट दिली, ती हीच. प्रत आपल्या हातात.

३२ एमबी ते ५ जीबी

आठ गाण्यांवर किती दिवस काढणार? १९९९ मध्ये कॉम्पॅक कंपनीच्या संशोधन केंद्रात तयार झालेला ‘पर्सनल ज्यूकबॉक्स’ आला. त्यात फ्लॅशऐवजी लॅपटॉपची छोटी हार्ड डिस्क होती, ४.८ जीबीची. २००० साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ६ जीबीचा ‘नोमॅड ज्यूकबॉक्स’ काढला. जागा भरपूर, पण आकार डिस्कमनएवढा. पँटच्या खिशात जाईना.

आणि २३ ऑक्टोबर २००१ ला ॲपलने आयपॉड दाखवला. तोशिबाने तेव्हा १.८ इंचाची इवलीशी हार्ड डिस्क बनवली होती. ॲपलने ती घेतली, ५ जीबी, हजार गाणी. किंमत ३९९ डॉलर. त्यातली मुख्य चिप होती पोर्टलप्लेअर नावाच्या कंपनीची, आणि त्या कंपनीचं एक कार्यालय आपल्या हैदराबादला होतं.

आता इंजिनियर म्हणून मला आवडणारी गंमत. हार्ड डिस्क फिरते, मग धक्का लागला तर? आणि सतत फिरत राहिली तर बॅटरी खाणार. म्हणून आयपॉडमध्ये ३२ एमबीची वेगळी मेमरी ठेवली होती. डिस्क थोडा वेळ फिरायची, पुढची साधारण २० मिनिटांची गाणी त्या मेमरीत ओतायची आणि झोपून जायची. आकडा ऐकलात का? ३२ एमबी. तीन वर्षांपूर्वी जी रिओची सगळी दौलत होती, ती आयपॉडमध्ये नुसती ओसरी झाली.

आपल्याकडे काय झालं

इथपर्यंतची गोष्ट कुठेही मिळते. पण आपल्याकडे, म्हणजे अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात, आयपॉड किती जणांनी बघितला? मी लहानपणी फक्त जाहिरातीत बघितला.

आपल्याकडे एमपी३ आधी आलं सीडीच्या रूपात. ७०० एमबीच्या एका सीडीत दीडशेच्या आसपास गाणी. स्टेशनबाहेर फूटपाथवर ढीग असायचे, ‘१ में १५०’ वगैरे. बहुतेक पायरेटेडच. घरच्या व्हीसीडी प्लेअरवर ती वाजायची. त्यानंतर आले चायना प्लेअर. नखाएवढं मेमरी कार्ड घालायचं, एक छोटा स्पीकर, एफएम, आणि आवाज असा की शेजारच्या आळीत पोचेल. भारनियमनाच्या दिवसांत चार-चार तास वीज नसायची, तेव्हा टेपरेकॉर्डर गप्प, पण हे पठ्ठे चालू.

आणि मग फोनच प्लेअर झाला. २००५ मध्ये सोनी एरिक्सनचा डब्ल्यू८०० हा वॉकमन फोन आला, २००६ मध्ये नोकियाचा ५३०० एक्सप्रेसम्युझिक. त्याच २००५ मध्ये मोटोरोलाने ॲपलसोबत ‘रोकर’ फोन काढला होता. त्यात कार्डावर कितीही जागा असली तरी शंभरच गाणी ठेवता यायची, तशी मर्यादाच घातलेली. तो फारसा चालला नाही. आपल्याकडे मात्र कुणी गाणी मोजत बसलं नाही. कार्ड फुल्ल होईपर्यंत भरलं.

कारण आपल्याकडे होता ‘गाणी भरून मिळतील’ असा बोर्ड. आठवतो? मोबाईल रिचार्जचं दुकान, काउंटरवर एक कॉम्प्युटर. कार्ड द्यायचं, दहा-वीस रुपये द्यायचे. दुकानदार दादा फोल्डर दाखवायचा: नवीन हिंदी, कोळीगीतं, भक्तिगीतं, भीमगीतं, डीजे मिक्स. इंटरनेट ज्याच्या घरात नव्हतं त्याचं इंटरनेट म्हणजे हे दुकान. कायद्याने यातलं बरंचसं बसणारं नव्हतं. रिओच्या निकालात स्वतःचं गाणं स्वतःसाठी हलवण्याची गोष्ट होती. इथे एकाचीच प्रत हजारांना विकली जात होती आणि गाणाऱ्याच्या हातात दमडी पडत नव्हती. ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पण दुसरी बाजूही बघा. त्या फोल्डरमध्ये आसपासच्या मंडळींची गाणी असायची. गावातल्या बँडचं रेकॉर्डिंग, जत्रेतलं भजन, कुणाच्या हळदीतला डीजे. ही गाणी कोणत्याच कंपनीने काढलेली नव्हती. ती कार्डावरून कार्डावर, ब्लूटूथवरून ब्लूटूथवर फिरली. आणि बरीचशी आजही फक्त तिथेच आहेत.

कार्डातला आवाज

आता मुद्द्यावर येतो. यासाठीच आजचा भाग केलाय.

आमच्या भागात आगरी लग्नात धवलारीण असते. लग्नाचे विधी होताना ती धवले गाते. पुस्तकातून नाही, तोंडपाठ. सासूकडून, आईकडून आलेले. आमच्या आत्याच्या लग्नात ज्या आजीने धवले गायले, त्या आता नाहीत. त्या दिवशी कुणीतरी साध्या बटणाच्या फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. ते दोन जीबीचं कार्ड मागच्या वर्षी एका डब्यात, जुन्या सिमकार्डांसोबत सापडलं. मी ते रीडरमध्ये घातलं. चौदा फायली दिसल्या. अकरा उघडल्या. तीन वाचताच आल्या नाहीत.

काय झालं असेल? मगाशी सांगितलेल्या खोल्या आठवा. इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात, पण भिंत कायमची पक्की नसते. वर्षानुवर्षं कार्ड तसंच पडून राहिलं की ते हळूहळू गळतात, आणि उष्णतेत जास्त भराभर गळतात. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याखालचं कपाट, म्हणजे बघा. कॅसेट खराब झाली तर आवाज घरघरतो, तरी ऐकू येतो. फ्लॅश खराब झाली की कधीकधी फाइलच उघडत नाही. पूर्वसूचना वगैरे काही नाही.

त्या फायली ‘एएमआर’ प्रकारच्या होत्या. तो प्रकार फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला. सेकंदाला फक्त ८,००० मापं, आणि तासाभराचं रेकॉर्डिंग साडेपाच एमबीच्या आसपास. त्यामुळे आजींचा आवाज लांबून फोनवर आल्यासारखा येतो. पण शब्द कळतात. आत्याने ऐकले, मधेच थांबवायला लावून दोन ओळी स्वतः म्हणून दाखवल्या. त्या दोन ओळी वाचता न आलेल्या फायलींपैकी एकीत असाव्यात, असं ती म्हणते.

जगातल्या कुठल्याही स्ट्रीमिंग ॲपवर हे नाही. शोधून सापडणार नाही. ज्या गाण्यांच्या मागे कंपनी आहे, त्यांची काळजी कंपनी घेईल. २०१७ मध्ये सारेगामाने पाच हजार जुनी गाणी भरून ‘कारवां’ काढला, घरोघरी आजी-आजोबांनी तो घेतला. छानच झालं. पण तुमच्या आजीच्या ओव्या त्यात कोण घालणार? त्या सांभाळायच्या तर आपणच.

म्हणून या रविवारी एवढं करा. घरातला तो डबा काढा, जुने फोन, जुनी कार्डं, कपाटातला एमपी३ प्लेअर.

पहिलं: कार्ड रीडरने कॉम्प्युटरला जोडा. ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर नाही म्हणा. त्या कार्डावर नवीन काहीही टाकू नका.

दुसरं: सगळं जसंच्या तसं कॉपी करा, दोन वेगवेगळ्या जागी. वाचताना अडकत असेल तर डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. वाचता येईल तेवढं ते आधी काढून घेतं आणि अडलेल्या भागावर नंतर पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. जमत नसेल तर कॉम्प्युटरवाल्या मित्राला पकडा.

तिसरं: एएमआर फाइल व्हीएलसी प्लेअरवर वाजते. फोनवर ऐकायला एमपी३ करायची असेल तर करा, पण मूळ फाइल ठेवा. सुरुवातीला सांगितलं होतं, एकदा टाकून दिलेलं परत येत नाही. प्रत्येक वेळी बदलताना थोडं आणखी जातं.

चौथं, आणि हे कुठलंही सॉफ्टवेअर करणार नाही: आवाज कुणाचा, गाव कोणतं, प्रसंग कोणता, साल कोणतं, ते लिहून ठेवा. घरातल्या मोठ्यांना बसवून विचारा. आज सांगणारं माणूस आहे.

आणि पाचवं: यूट्यूबवर टाकायच्या आधी गाणाऱ्याला किंवा तिच्या घरच्यांना विचारा. गाणं तिचं आहे.

आयपॉड मे २०२२ मध्ये ॲपलने कायमचा बंद केला. एमपी३ चं लायसन्स देणंही फ्राउनहोफरने २०१७ मध्ये थांबवलं, आता ते तंत्र कुणीही वापरावं. यंत्रं गेली, त्याचं मला फार दुःख नाही. यंत्रं जायचीच. स्ट्रीमिंगही मी रोज वापरतो, लोकलमध्ये तेच चालू असतं. पण काही गाण्यांची प्रत स्वतःच्या हातात असायला हवी, आणि ती कोणती, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवायचंय.

पुढच्या भागात कॅसेट. ती टेप बाहेर आली की पेन्सिलने का गुंडाळायची, तिथून सुरुवात करू. तोपर्यंत डबा उघडा, आणि काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटूया!